श्रवणविज्ञान व श्रवणोपचार : मुंबई व पूर्व उपनगरे

श्रवणशक्तीचे मापन, श्रवणदोषांचे निदान व प्रतिबंध आणि श्रवणदोष असलेल्या व्यक्तींचे पुनर्वसन यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास श्रवणविज्ञान म्हणतात. वैद्यक, भौतिकी, विद्युत् तंत्रविद्या, भाषाविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या सर्वांशी त्याचा संबंध येतो. भारतात या विषयाच्या वाढीत मुंबई शहराचा वाटा मोठा आहे. देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा, वाक्‌ व श्रवणदोषांवरील उपचारांचे महाविद्यालयीन शिक्षण देणारे देशातील एक आद्य केंद्र आणि या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था या तिन्ही मुंबईत आहेत. तथापि या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. ती म्हणजे नवे साधन शहरात येणे आणि ते गरजूपर्यंत वेळेवर पोहोचणे यांत पडलेले अंतर. श्रवणदोष बाहेरून दिसत नाही. त्यामुळे तो ओळखला जाण्यास उशीर होतो, आणि या दोषात उशिराची भरपाई पुढे क्वचितच करता येते. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास मुख्यतः याच दृष्टीने मांडला असून उपनगरांतील स्थितीचे उदाहरण म्हणून मुलुंडचा विचार केला आहे.

श्रवणदोषाचे स्वरूप : ध्वनिलहरींमुळे कर्णपटल कंप पावते. ही कंपने मध्यकर्णातील तीन लहान अस्थींच्या द्वारे अंतर्कर्णातील कर्णशंबूक या गोगलगाईच्या शंखासारख्या भागात पोहोचतात. तेथील रोमकोशिका कंपनांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवण तंत्रिका हे संदेश मेंदूकडे नेते. प्रत्येक कानात अशा सु. १५,००० रोमकोशिका असतात. मनुष्यात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

बाह्य वा मध्यकर्णातील अडथळ्यामुळे येणाऱ्या दोषास वहनदोष म्हणतात. कान फुटणे व वाहणे, कर्णपटलास छिद्र पडणे, मध्यकर्णातील अस्थी जखडणे ही त्याची सामान्य कारणे असून औषधोपचार वा शस्त्रक्रियेने तो पुष्कळदा दूर होतो. रोमकोशिका वा तंत्रिका यांच्या हानीमुळे येणारा दोष संवेदी-तंत्रिकीय प्रकारचा असतो. तो सहसा कायमचा असून त्यात श्रवणयंत्र वा रोपण यांचा आधार घ्यावा लागतो.

ध्वनीची पातळी डेसिबेल या एककात मोजतात. हे एकक गुणोत्तरी आहे; पातळी १० डेसिबेलांनी वाढली की ध्वनीची तीव्रता दहा पटींनी वाढते. सामान्य संभाषण सु. ६० डेसिबेलांचे असते. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांना) ७० डेसिबेल वा अधिक श्रवणहानी असलेली व्यक्ती कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबेल हानी असलेली व्यक्ती अल्पश्रवण समजली जाते.

जन्मतः बधिर असलेले मूल बोलत नाही, याचे कारण त्याच्या वागिंद्रियातील दोष हे नसून भाषा कानावर न पडणे हे होय. ‘मूक-बधिर’ या जुन्या जोडशब्दामुळे हे दोन स्वतंत्र दोष असल्याचा गैरसमज दृढ झाला. अलीकडे ‘कर्णबधिर’ ही संज्ञा रूढ होत आहे.

प्रारंभ : एकोणिसाव्या शतकात बधिरत्वाकडे वैद्यकापेक्षा शिक्षण व धर्मादाय यांच्या दृष्टीने पाहिले जाई. मुंबईचे कॅथलिक धर्मप्रमुख लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास ‘बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स’ ही शाळा स्थापन झाली. माझगावातील ही संस्था भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मानली जाते. तिच्यानंतर १८९३ साली कलकत्ता येथे अशी शाळा निघाली.

याच सुमारास, १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी ओष्ठवाचन व उच्चारशिक्षण यांवर आधारलेल्या मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला होता. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) हे या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांची आई व पत्नी दोघीही बधिर होत्या. मिलानच्या ठरावाचा प्रभाव जगभरच्या, आणि क्रमाने भारतातीलही, शाळांवर दीर्घकाळ टिकला. वर्गात खुणांना मज्जाव आणि वर्गाबाहेर मुलांमध्ये खुणांचाच व्यवहार, अशी दुहेरी स्थिती अनेक शाळांत निर्माण झाली.

त्या काळी मुलाला किती ऐकू येते, हे मोजण्याचे साधन शाळांजवळ नव्हते. टाळी, घंटा वा स्वरकाटा यांवरून अंदाज बांधला जाई. काही प्रमाणात ऐकू येणारी मुले आणि पूर्णतः बधिर मुले एकाच वर्गात बसत. शाळेत येईपर्यंत मूल पाच-सहा वर्षांचे झालेले असे, म्हणजे भाषा आत्मसात करण्याचा सर्वांत अनुकूल काळ तोवर संपत आलेला असे.

शास्त्राचा उदय : अमेरिकेत १९२२ च्या सुमारास निर्वात नलिकांवर चालणारा विद्युत् श्रवणमापक तयार झाला. निरनिराळ्या कंप्रतांचे शुद्ध स्वर निश्चित पातळीवर ऐकवून प्रत्येक कानाची सीमा आलेखावर दाखविणे त्यामुळे शक्य झाले. या आलेखास श्रवणालेख म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तोफा व स्फोट यांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत खास केंद्रे उघडली गेली. तेथे काम केलेल्या रेमंड कारहार्ट (१९१२–७५) यांच्यासारख्या तज्ञांनी १९४५ च्या सुमारास श्रवणविज्ञानाला स्वतंत्र विषयाचे रूप दिले. कर्णशंबुकातील लहरींच्या गतीवरील संशोधनाबद्दल गेओर्ग फोन बेकेशी (१८९९–१९७२) यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. मुंबई महानगरपालिकेचे टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले बा. य. ल. नायर रुग्णालय येथे श्रवण व वाक्‌ चिकित्सेचा पदवी अभ्यासक्रम निघाला. १९६५ साली केंद्र सरकारने म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्था स्थापन केली. देशातील या विषयाच्या पहिल्या पिढीचे बहुतेक तज्ञ या दोन केंद्रांत घडले. नायर रुग्णालय हे मोफत वा अल्प दरात सेवा देणारे सार्वजनिक रुग्णालय असल्याने तेथील विद्यार्थ्यांना गिरणगावातील कामगारांपासून उपनगरांतील शाळकरी मुलांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण पाहावयास मिळाले.

९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत श्रवण-विकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल (१९७१–७६) असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. वांद्रे येथील भराव भूमीवर असलेल्या या संस्थेत निदान, उपचार, संशोधन, विशेष शिक्षकांचे व श्रवणतज्ञांचे प्रशिक्षण ही कामे चालतात. पुढे तिच्या नावातील ‘श्रवण-विकलांग’ हा शब्द जाऊन ‘वाक्‌ व श्रवण दिव्यांगजन’ असा बदल झाला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने श्रवणतज्ञ व वाक्‌ चिकित्सक यांच्या शिक्षणाचे प्रमाणीकरण केले व त्यांची नोंदणी आवश्यक ठरविली.

औद्योगिक उपनगरे व कामगारांचे बधिरत्व : मुलुंड हे बृहन्मुंबईच्या ईशान्य टोकाचे उपनगर. १८५३ साली सुरू झालेला बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग याच भूमीतून गेला. १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी आखलेल्या योजनेनुसार मुलुंडची काटकोनी रस्त्यांची वस्ती उभी राहिली. १९५७ मध्ये मुंबईची हद्द पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या आग्रा रस्त्याच्या (सध्याचा लाल बहादूर शास्त्री मार्ग) दुतर्फा कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड येथे अभियांत्रिकी, रसायने, औषधे इत्यादींचे कारखाने दाटीने उभे राहिले. या पट्ट्यातील कामगारांसाठी मुलुंड येथे राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे.

दाबयंत्रे, घणयंत्रे, कातकाम व वाफेचे झोत यांचा गोंगाट ९० डेसिबेलांच्या वर सहज जातो. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे काम केल्यास रोमकोशिका हळूहळू नष्ट होतात. प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपासची श्रवणशक्ती कमी होऊन श्रवणालेखात तेथे खाच पडते. या अवस्थेत कामगाराला आपले काही बिघडले आहे असे वाटत नाही, कारण स्वर त्याला नीट ऐकू येतात. स, श, ट, क यांसारखी उच्च कंप्रतेची व्यंजने मात्र निसटू लागतात. ‘सात’, ‘साठ’ व ‘आठ’ यांत घोटाळा होतो. गर्दीत बोलणे ऐकू येते पण उमगत नाही. पुढे खाच रुंदावत संभाषणाच्या कंप्रतांपर्यंत येते. काहींच्या कानांत सतत गुणगुण वा शिटी ऐकू येते. घरातील लोक याला ‘दुर्लक्ष’ वा ‘वय’ समजतात.

कारखान्यांविषयीच्या भारतीय नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा घालण्यात आली. अनेक तज्ञांच्या मते ८५ डेसिबेल ही अधिक सुरक्षित मर्यादा होय. गोंगाटजन्य श्रवणहानी हा कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत सूचनीय रोग म्हणून समाविष्ट होता. कामगार नुकसानभरपाई व राज्य विमा यांविषयीच्या कायद्यांखालीही तो भरपाईस पात्र होता. तथापि भरपाईस पात्र म्हणून हा विकार १९४८ पासून गणला जात असला, तरी भारतात प्रत्यक्ष भरपाई मिळाल्याचे पहिले प्रकरण १९९६ सालचे आहे. कायद्यातील तरतूद व तिचा पहिला लाभ यांत ४८ वर्षांचे अंतर पडले. हा प्रश्न धसास लावण्यात मुंबईतील डॉक्टर व कामगार कार्यकर्ते यांचा पुढाकार होता.

या विलंबाची कारणे विकाराच्या स्वरूपातच आहेत. यंत्रात बोट सापडले तर अपघाताची वेळ व जागा सांगता येते; श्रवणहानीला तशी तारीख नसते. कामावर रुजू होतानाचा श्रवणालेख नसल्यास किती हानी नोकरीत झाली, हे सिद्ध करणे अवघड जाते. वयोमानाने येणारी हानी वेगळी काढावी लागते. शिवाय बधिर ठरल्यास काम जाईल, ही भीती कामगाराला तपासणीपासून दूर ठेवते. १९८० नंतरच्या दोन-तीन दशकांत या पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडले वा स्थलांतरित झाले. त्यांच्या जागी निवासी संकुले व बाजारपेठा आल्या. कारखाने गेले, परंतु तेथे झालेली श्रवणहानी निवृत्त कामगारांबरोबर राहिली, आणि मालकच उरला नाही तेथे दावा कोणावर करावा, असा प्रश्न निर्माण झाला. या विषयावरील जुने कायदे २०२० च्या श्रमसंहितांत समाविष्ट करण्यात आले आहेत. कामावर घेताना व नंतर दरवर्षी श्रवणमापन करणे आणि मूळ श्रवणालेख जपून ठेवणे, हा त्यांच्या अंमलबजावणीतील कळीचा भाग होय.

नागरी गोंगाट : कारखान्याबाहेरील गोंगाटाविरुद्धच्या चळवळीतही मुंबई अग्रेसर राहिली. डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. पुढे सुमेरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे हे काम चालविले. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबेल ही मर्यादा आहे. १८ जुलै २००५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील गोंगाटावर कडक निर्बंध घातले. मुलुंडच्या शेजारील ठाणे शहरातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे त्यात स्पष्ट केले असून पोलिसांना ध्वनिमापक पुरविण्याचे व मोठ्या शहरांचे ध्वनिनकाशे तयार करण्याचे आदेश दिले आहेत. २०१७ मधील दुरुस्तीने मात्र राज्य शासनाने घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी तरतूद करण्यात आली.

कायदेशीर मर्यादा प्रामुख्याने झोप व स्वास्थ्य यांच्या रक्षणासाठी आहेत. कानाला प्रत्यक्ष इजा होते ती यापेक्षा बऱ्याच वरच्या पातळीवर. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ वा ढोल-ताशांच्या पथकात तासन्‌तास राहिल्यास ही पातळी सहज ओलांडली जाते. पथकातील वादक तरुण असतात व कानात बोळे घालणे कमीपणाचे मानतात. व्यक्तिगत श्रवणसाधनांमुळे हा धोका रोजचा झाला आहे. लोकलगाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी प्रवासी कानातील साधनाचा आवाज वाढवितो आणि मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा सु. एक तासाचा प्रवास रोज दोनदा त्याच पातळीवर करतो. बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारी साधने कमी आवाजात वापरता येत असल्याने त्या मानाने सुरक्षित होत. १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक व्यक्तींना अशा ध्वनीपासून धोका आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

औषधजन्य श्रवणहानी : स्ट्रेप्टोमायसीन व त्याच्या वर्गातील कानामायसीन इत्यादी प्रतिजैव औषधे रोमकोशिकांना विषारी ठरू शकतात. क्षयरोगाचा, विशेषतः औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा, प्रादुर्भाव मुंबईच्या दाट वस्तीत मोठा असल्याने हा प्रश्न येथे तीव्र होता. महिनोन्‌महिने चालणाऱ्या इंजेक्शनांनी रुग्णाचा जीव वाचे, परंतु काहींची श्रवणशक्ती कायमची जाई. उच्च कंप्रतांची हानी प्रथम होत असल्याने नियमित श्रवणमापनाने धोका आधी कळू शकतो. पण ते सर्वत्र होत नसे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षयरोगावरील उपचारांतून कानामायसीन वगळण्याची शिफारस केली. त्यानंतर बेडाक्विलीनसारख्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर आधारलेली उपचारपद्धती भारतातही स्वीकारली गेली. श्रवणहानी टाळण्यात अलीकडे मिळालेले हे एक महत्त्वाचे यश होय.

श्रवणयंत्रे : निर्वात नलिकांची अवजड यंत्रे मागे पडून १९५२-५३ पासून ट्रँझिस्टरयुक्त श्रवणयंत्रे आली. भारतात दीर्घकाळ खिशात ठेवावयाचे व तारेने कानाशी जोडलेले यंत्रच सर्वसामान्यांच्या आवाक्यात होते. अपंगांना साधने पुरविण्याच्या केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या योजनेखाली त्यांचे मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. मुंबईतील आर्फी व एल्कॉन या कंपन्यांनी देशी श्रवणमापक तयार केल्याने रुग्णालये व शाळा यांना ते परवडू लागले.

१९९६ च्या सुमारास पूर्णतः अंकीय श्रवणयंत्रे बाजारात आली. जुने यंत्र सर्वच ध्वनी मोठे करी. अंकीय यंत्र रुग्णाच्या श्रवणालेखानुसार केवळ उणीव असलेल्या कंप्रता वाढविते, गोंगाट काही अंशी दाबते व शिट्टी वाजणे टाळते. आता भ्रमणध्वनीला जोडता येणारी व दूरस्थ पद्धतीने जुळविता येणारी यंत्रेही मिळतात. करोना साथीच्या काळात मुखपट्टीमुळे ओष्ठवाचन अशक्य झाले व रुग्णालयात जाणेही कठीण झाले, तेव्हा दूरस्थ सेवेला चालना मिळाली. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांच्या सौम्य व मध्यम श्रवणहानीसाठी तज्ञाच्या चिठ्ठीविना श्रवणयंत्र विकण्यास परवानगी आहे.

यंत्र मिळणे व ते वापरले जाणे यांत मात्र फरक आहे. मुंबईच्या दमट हवेत व पावसाळ्यात घाम आणि ओलाव्याने यंत्र लवकर बिघडते. ते रात्री शोषकद्रव्याच्या डबीत ठेवावे लागते. साचा सैल झाला तर शिट्टी वाजते. बॅटरीचा खर्च चालू राहतो. केवळ वाटप करून नंतरची जुळवणी व दुरुस्ती न केल्यास यंत्र कपाटात पडून राहते. याशिवाय चष्म्याला नसलेला कमीपणा श्रवणयंत्राला अजूनही चिकटलेला आहे. विवाहयोग्य मुलीच्या बाबतीत तो विशेष जाणवतो.

नवजातांची चाळणी : जगात दर हजार जन्मांमागे सु. एक ते तीन बालकांना लक्षणीय श्रवणदोष असतो. आई-वडिलांना तो पुष्कळदा मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही तेव्हा लक्षात येतो. ‘मुलगे उशिरा बोलतात’ यांसारख्या घरगुती समजुतींत आणखी वर्ष जाते. लहान मूल भांडे पडल्याच्या कंपनाने दचकते, म्हणून ते ऐकते असेही वाटते. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन उपाय सुरू झाल्यास भाषाविकास लक्षणीयरीत्या चांगला होतो, हे अमेरिकेतील १९९८ च्या अभ्यासाने दाखवून दिले. त्यावरून पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, हा दंडक रूढ झाला.

हे शक्य झाले ते दोन शोधांमुळे. निरोगी कर्णशंबूक स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकते, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लंडन येथे दाखविले. झोपलेल्या बालकाच्या कानात लहान शोधक ठेवून हा ध्वनी काही मिनिटांत टिपता येतो. दुसऱ्या पद्धतीत ध्वनी ऐकविल्यावर मस्तिष्क स्तंभात उमटणारे विद्युत् प्रतिसाद डोक्यावर लावलेल्या विद्युत् अग्रांनी नोंदवितात. याच तत्त्वावरील ‘सोहम’ हे भारतीय बनावटीचे चाळणी उपकरण २०१७ मध्ये सादर झाले.

शासकीय पातळीवर २००६-०७ मध्ये बधिरत्व प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर (तेव्हा ठाणे जिल्हा) येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ होऊन जन्मजात बधिरत्वाचा त्यातील तपासण्यांत समावेश झाला. गर्भवतीला झालेला रुबेला हे जन्मजात बधिरत्वाचे टाळता येण्याजोगे कारण असल्याने महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीमही या दृष्टीने महत्त्वाची आहे. मात्र सर्व प्रसूतिगृहांत चाळणी अद्याप नियमित झालेली नाही, आणि पहिल्या चाळणीत संशय आलेली काही बालके पुढील तपासणीस आणलीच जात नाहीत.

कर्णशंबूक रोपण : कॉक्लिअर इम्प्लांट या नावाने परिचित असलेले हे साधन ध्वनी मोठा करीत नाही. बाहेरील संस्कारक ध्वनीचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो आणि कर्णशंबुकात बसविलेली विद्युत् अग्रे श्रवण तंत्रिकेस थेट उत्तेजित करतात. १९५७ मध्ये पॅरिस येथे झालेल्या पहिल्या प्रयोगानंतर अमेरिकेत विल्यम हाउस व ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क यांनी त्याचा विकास केला. क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे अनेक अग्रांचे रोपण केले. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने हे या शस्त्रक्रियेचे एक प्रवर्तक होत. त्यांना २०१४ साली पद्मश्री देण्यात आली. साधन आयात करावे लागत असल्याने खर्च लाखांच्या घरात जातो. २०१४ पासून केंद्राच्या साहाय्यक साधन योजनेत मुख्यतः पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सहा लाख रुपयांपर्यंतच्या रोपणाचा समावेश झाला व वांद्रे येथील राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा ठरली. संरक्षण संशोधन व विकास संस्थेने स्वदेशी रोपणाचा प्रयत्न केला. तथापि ते व्यापक वापरात आलेले नाही.

शस्त्रक्रिया काही तासांची असते; ऐकावयास शिकणे वर्षांचे असते. मुलुंडहून वांद्र्याला जाण्यासाठी पालकाला मध्य रेल्वेने दादर, तेथून पश्चिम रेल्वेने वांद्रे व पुढे बस असा प्रवास करावा लागतो. आठवड्यातून दोनदा मुलाला घेऊन असे जाणे रोजंदारीवरील कुटुंबाला झेपत नाही. हे काम बहुधा आईवर पडते व पुष्कळदा तिची नोकरी सुटते. बाह्य संस्कारक, तारा व बॅटरी यांचा खर्च योजनेची मुदत संपल्यावर कुटुंबावरच येतो. म्हणून रोपणाचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येवरून नव्हे, तर पाच वर्षांनी किती मुले ते यंत्र वापरून बोलतात, यावरून मोजणे इष्ट ठरते.

भाषेचा प्रश्न : श्रवणोपचार हा भाषेशी निगडित आहे. इंग्रजीसाठी तयार केलेल्या शब्दसूची मराठी भाषकाच्या चाचणीस चालत नाहीत. ळ, ण, महाप्राण व्यंजने, च-ज यांचे दुहेरी उच्चार ही मराठीची वैशिष्ट्ये असून चाचणीच्या सूचीत ती योग्य प्रमाणात यावी लागतात. मराठीत वाक्याचा अर्थ विभक्तिप्रत्ययांवर अवलंबून असतो आणि हे प्रत्यय शब्दाच्या अखेरीस हलक्या आवाजात येतात. ‘घरास’, ‘घरात’ व ‘घराला’ यांतील फरक श्रवणदोष असलेल्या मुलाच्या कानावर पडतच नाही. त्याच्या लेखनात प्रत्यय गळतात, ते बुद्धीच्या नव्हे तर श्रवणाच्या उणिवेमुळे. शिक्षक व पालक रोज वापरू शकतील अशी साधी चाचणी डॅनियल लिंग यांनी सुचविली. आ, ऊ, ई, श, स व म हे सहा ध्वनी तोंड न दाखविता उच्चारून मूल प्रतिसाद देते का, हे पाहिले असता यंत्र नीट चालते की नाही, हे समजते.

दुसरीकडे, खुणांची भाषा ही बोलीची निकृष्ट नक्कल नसून स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने सिद्ध केले. वांद्रे येथील राष्ट्रीय संस्थेत २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला. २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. रोपण उशिरा झालेल्या वा त्याचा लाभ न झालेल्या मुलाला कोणतीच भाषा न मिळणे, ही सर्वांत मोठी हानी होय. म्हणून वाणी व सांकेतिक भाषा यांना परस्परविरोधी न मानण्याकडे अलीकडे कल आहे.

वृद्धांची श्रवणहानी : मुलुंडसारख्या उपनगरांत निवृत्त नागरिकांची संख्या वाढत आहे. वयोमानाने येणारी श्रवणहानी सावकाश असल्याने व्यक्ती प्रथम दूरध्वनी टाळते, मग सभा, आणि अखेरीस घरातील गप्पा. श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो. श्रवणयंत्राने बुद्धिक्षय मंदावतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतील २०२३ च्या मोठ्या चाचणीत एकूण सहभागी व्यक्तींत तीन वर्षांत फरक आढळला नाही. मात्र अधिक धोका असलेल्या गटात ऱ्हास सु. ४८ टक्क्यांनी कमी दिसून आला. संभाषण व सहवास टिकण्यासाठी यंत्राची उपयुक्तता याहून स्वतंत्र आहे.

सद्यःस्थिती : २०२१ मधील जागतिक अहवालानुसार दीडशे कोटींहून अधिक लोकांना काही ना काही श्रवणहानी असून ४३ कोटींना पुनर्वसनाची गरज आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सु. ५०·७ लाख आढळल्या, तर राष्ट्रीय कार्यक्रमात उद्धृत केलेला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ६·३ कोटी आहे. ही तफावत व्याख्येतील फरकाची, तसेच घरच्यांनी दोष न ओळखण्याची वा न सांगण्याची निदर्शक आहे. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

मुंबईत आज चाळणीपासून रोपणापर्यंतची सर्व साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ती वेळेवर व जवळ मिळण्याची. प्रसूतिगृहात चाळणी, प्रभागातील दवाखान्यात श्रवणमापन, कामावर रुजू होताना श्रवणालेख, उपनगरातच मातृभाषेतून वाक्‌ उपचार आणि यंत्रांच्या दुरुस्तीची सोय यांना नवा शोध लागत नाही. १८८५ मध्ये मूल शाळेच्या दाराशी येईपर्यंत वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. आता तशी वाट पाहण्याचे शास्त्रीय कारण उरलेले नाही.